करप्याच्या मागावर देसले

देसल्यांना पुरा कप चहा पिताना आम्ही कधी पाहिलं नाही. निम्मा टेबलावर ठेवून ते कुणाच्या तरी बांधाकडे निघालेले असायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. किन्हवलीच्या आमच्या कार्यालयात मी कारकून होतो, ते कृषी सहाय्यक, मूळचे मुरबाडकडचे.

भातावरच्या करपा रोगासाठी त्यांनी उपयोगी जिवाणूंची भुकटी आणली होती. ती पाण्यात कालवून रोपांची मुळं बुडवायची आणि मग लावणी करायची. जिवाणू मुळाशी वस्ती करतात, रोगाच्या बुरशीला वाढू देत नाहीत. पाकिटं ते ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन यायचे. "जितं हाय ते. उन्हात ठेवलं तर मरंल," कंडक्टरलाही सांगायचे.

डोळखांबजवळच्या पाड्यावरची हिराबाई तेवढी ती भुकटी वापरायला तयार झाली. नवरा कामाला बाहेरगावी, शेत तिच्या एकटीच्या अंगावर. श्रावणात आभाळ गच्च झाकलं, आजूबाजूच्या भातावर करपा उतरला आणि देसल्यांचं चित्त थाऱ्यावर राहिना. रविवारीही ते पाड्यावर जाऊ लागले. एकदा मलाही ओढून नेलं. वाकून एकेक पान उलटत होते.

"भाऊ, वरच्या तुकड्यात ठिपके दिसतान," हिराबाई म्हणाली. "दीर म्हनतो, या पावडरीनं काय होत नाय. काय करू?"

देसले त्या तुकड्यात गेले, ठिपके निरखले. मग म्हणाले, "इथं उद्याच औषध फवारा. माझ्या हट्टापायी भात घालवू नका."

"आन खालचं?"

"खालचं धरून हाय. ते तसंच ठेवू."

परतताना ते फाट्यावर आल्यावर म्हणाले, "हिचं भात गेलं ना, तर या पाड्यावर पुन्हा कोणी माझं ऐकायचं नाय. आन ते बरोबरच असंल."

खालचं भात शेवटपर्यंत टिकलं. वरचं फवारणीनं निम्मं वाचलं. पुढच्या हंगामात दिरानं पाकीट मागितलं, तेव्हा देसल्यांनी आधी त्याला वरच्या तुकड्याची हकिगत सांगितली, मग पाकीट दिलं.

नंतर त्यांची दूर बदली झाली. काही वर्षांनी हृदयविकारानं ते गेले. मी पाड्यावर सांगायला गेलो. हिराबाई लावणी सोडून बांधावर आली, ऐकून खाली बसली.

"बदली झाल्यापासून तुला भेटलेच नसतील," मी म्हणालो.

ती म्हणाली, "दर श्रावणात यायचे. रजा टाकून. हापिसात सांगू नको म्हनायचे."