पडवीचा चौथा खांब

धाकू शिवलकरला सुटी वस्तू बघवत नसे. सत्तावीस वर्षं मालवाहू बोटीवर माल दोरखंडांनी आवळण्याचं काम केलेला माणूस तो. हलत्या बोटीवर जे बांधलेलं नाही ते आपलं नाही, एवढं एकच शास्त्र शिकला होता, आणि १९९८ साली बोट सोडून मांडवीला घरी आला तो ते शास्त्र घेऊनच. सायकल माडाला बांधी, बादली रहाटाला, रिकामी खुर्चीसुद्धा पडवीच्या खांबाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकटची करमणूक. "धाकूकाका, काकीला बांधलीत की नाय अजून?" असं कुणीतरी जाता-जाता विचारी, आणि धाकूही हसून म्हणे, "तिनंच मला बांधून ठेवलाय!"

पुढच्याच वर्षी हे हसणं संपलं. हर्षद हा धाकू-आनंदीबाईचा एकुलता एक मुलगा. तेविसाव्या वर्षी मासेमारीच्या लाँचवर गेला होता. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल-नसेल, जाळं ओढताना मोठी लाट आली. लाँच बंदरात परत आली, हर्षद आला नाही. धाकूने लाँचवरच्या एकेका खलाशाला गाठून एकच विचारलं, "त्याच्या कमरेला दोर होता काय?" खलाशी म्हणत, जाळं ओढताना कमरेला दोर बांधतंय कोण? पंधरा दिवस किनारा धुंडाळला, पण प्रेत काही मिळालं नाही. शेवटी भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करवला आणि धाकूने त्याला अग्नी दिला. आनंदीबाई तिकडे फिरकलीसुद्धा नाही. "पानं जाळलीत तुमी," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर धाकूने घर बांधायला घेतलं. म्हणजे घर होतंच, मागे जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे लांबलचक पडवी आणि तिला किंजळाच्या लाकडाचे चार खांब. ते त्याने खरोखरच बांधून काढलं. वासा तुळईला, तुळई खांबाला, लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावून. कडेच्या चार ओळींतलं प्रत्येक कौल तारेने खालच्या लाकडी रिपेला आवळलं. यात तीन उन्हाळे गेले. कुणी थट्टा केली तर तो शिडीवरूनच समजावी, "वारा छप्पर दाबीत नाय रे बाबा, उचलतो. पडवीत खालनं शिरतो नि वर नेतो." लोक माना डोलावत आणि वळणावर गेल्यावर म्हणत, पोरगा गेल्यापासून म्हाताऱ्याचं जरा बिनसलंय. खोटं कशाला बोला, बिनसलं होतंच. पण वाऱ्याबद्दल तो सांगत होता ते अक्षर न अक्षर खरं होतं.

सन २००६ च्या मे महिन्यात दादू गवंडी जोत्याचे निखळलेले चिरे बसवायला आला. चहा पिता पिता त्याने वर बघितलं, मग खाली बघितलं.

"काका, छप्पर खांबाला बांधलंत. मग खांब कशाला बांधलेत?"

धाकूने बशी खाली ठेवून खांबाच्या बुडाशी बघितलं. खांब नुसते सपाट दगडावर उभे होते, आपल्या आणि छपराच्या वजनावर. वारा छप्पर उचलील तेव्हा खांबही त्याच्याबरोबर सुखाने वर जातील, हे सत्तावीस वर्षं माल बांधणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं! त्याला हसू आलं आणि लाजही वाटली. दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. तुळईला टेकू द्यायचा, खांबाखालचा दगड हलवायचा, दोन फूट खणून काँक्रीट ओतायचं, आणि त्यातून वर काढलेल्या पट्ट्या खांबाला बोल्टने जखडायच्या. तीन खांब झाले. विहिरीकडच्या चौथ्या खांबाशी दादूने पहार टेकवली, तशी आनंदीबाई येऊन त्या दगडावर बसली.

"इथं नाय खणायचं."

"का गो?" धाकूने विचारलं.

"हर्षदची नाळ हाय इथं."

हर्षद जन्मला तेव्हा धाकू कुठल्याशा परक्या बंदरात होता. बाहेर धो धो पाऊस, अंगणभर चिखल, म्हणून गंगुबाई सुईणीने पडवीतच, ह्या खांबाच्या बुडाशी खणून नाळ पुरली होती. तीस वर्षांत धाकूला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

"अगो, आता काय राह्यलं असणार तिथं? एका पावसाळ्यात माती होते."

"मला कळत नाय काय?" आनंदीबाई म्हणाली. "सगळा समुद्रानं नेला. जमिनीत त्याचं तेवढंच हाय. तिथं मी पहार घालू देणार नाय."

दादू पहार घेऊन निघून गेला. पुढची तीन वर्षं दर उन्हाळ्यात हाच वाद झाला. धाकू ओरडे, हातापाया पडे, छप्पर डोक्यावर पडून मरशील म्हणून भीती घाली. ती नुसती त्या दगडावर जाऊन बसे. बिचाऱ्या दोघांचंही खरं होतं, त्यामुळे समजूत तरी कोण कुणाची घालणार?

मग २००९ च्या नोव्हेंबरात, पाऊस संपला म्हणून सगळे निर्धास्त असताना, फयान वादळ आलं. सकाळपासूनच वारा पिसाळला होता. दुपारी समोरच्या घराचे पत्रे उडून विहिरीपलीकडे पडले. धाकूने दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मागे बघतो तर आनंदीबाई घरात नाही. ती पडवीत होती, चौथ्या खांबाला दोन्ही हातांनी कवटाळून.

"सोड गो! सोड तो!"

तिने सोडला नाही. खांब बुडाशी हलू लागला होता, दगडावर करकरत होता. तिला ओढून आणण्याइतकं बळ आपल्या अंगात नाही, हे धाकूला एका क्षणात कळलं. त्याने खुंटीवरचा दोर घेतला, तिच्या कमरेला दोन वेढे दिले आणि दुसरं टोक भिंतीतल्या खिडकीच्या गजांना बांधलं. गाठ मारताना तो मोठमोठ्याने रडत होता, पण हात चुकला नाही. पुढच्या झोताला खांब उचलला गेला. पडवीचा तो अख्खा कोपरा तुळईसकट, कौलांसकट वर गेला आणि अंगणात जाऊन कोसळला. आनंदीबाई पडवीच्या टोकापर्यंत घसरत गेली. दोर ताणला, आणि तिथे ती थांबली.

बाकीचे तीन खांब जागचे हलले नाहीत.

दोन दिवसांनी दादू आला. चौथ्या खांबाखालचा दगड उलटा पडला होता, खालची लाल माती उघडी झाली होती. दादूने पहार उचलली आणि धाकूकडे बघितलं. तीन वर्षं जो माणूस खण खण म्हणून कंठशोष करत होता, तो आता तोंड फिरवून म्हणाला, "राहू दे रे आज."

आनंदीबाई मात्र खाली बसली. कमरेला दोराचे वळ होते, नीट वाकता येत नव्हतं. तिने हाताने माती उकरली. कोपरापर्यंत हात आत गेला. मुळं निघाली, खडे निघाले, बांगडीची एक काच निघाली. पुन्हा पुन्हा माती चाळून तिने हात झटकले.

"काय नाय वो इथं," ती हळूच म्हणाली. "तुमचंच खरं होतं. उगाच तुमचं घर मोडवलं मी. खण रे दादू."

हे ऐकायला धाकूने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. आणि आता ऐकलं, तर ते त्याला नकोसं झालं. ती तिथे बसून राहत होती म्हणून हर्षद थोडासा का होईना, घरात होता. तिच्याशी भांडता भांडता धाकू स्वतः त्याच विश्वासावर जगत होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. तो तिच्या शेजारी मातीत बसला.

"असं नको गो म्हणू," तो म्हणाला. "घर जाऊ दे खड्ड्यात. तू आपलं 'हाय' म्हण."

आनंदीबाईने त्याच्याकडे बघितलं. मग उकरलेली माती मुठीमुठीने पुन्हा आत लोटली, वरून तळहाताने थापली.

"हाय वो," ती म्हणाली. "खाली खोल हाय. माजा हात पोचला नाय."

दादू पहार खांद्यावर टाकून निघून गेला.