वेदीचं कापड

माझी मावशी एका मोठ्या दवाखान्यात शिवणकाम करायची. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, बंद तुटलेले रुग्णांचे झगे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. तिथं सगळे तिला शिवणबाई म्हणायचे. तिनं लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "एक चांगला माणूस सांगून आला होता, पण त्याला साधं बटण लावता येत नव्हतं." आणि स्वतःच हसत सुटायची.

माझी आई तिची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची. हात नाजूक, पण जिभेला धार. बाबा गेल्यावर आई, आजी, म्हणजे या दोघींची आई, आणि मी एकत्र राहायचो. मावशीची खोली दोन गल्ल्या सोडून होती.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा दोघी बहिणींनी पाळ्या लावून घेतल्या. एका संध्याकाळी मावशीची पाळी होती, आणि नेमकी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थनासभा होती. आजीचा डोळा लागलेला पाहून मावशी "ही गेले आणि ही आले" म्हणत निघाली. परतली तेव्हा आजी फरशीवर पडलेली होती आणि शेजारी पाण्याचा पेला लवंडलेला होता. जीव केव्हाच गेला होता.

आजीला पुरून आल्यावर आई मावशीला म्हणाली, "जगातल्या आजाऱ्यांसाठी हात जोडत बसलीस आणि स्वतःची आई पाण्यावाचून गेली. आता माझ्या दारात येऊ नकोस."

मावशीनं एकही सबब सांगितली नाही. चप्पल घातली आणि गेली.

पुढं काही वर्षं अशीच गेली. दोघी एकाच चर्चमध्ये जायच्या. मग आईनं जाणंच सोडलं. मावशीनं मात्र वेदीवर अंथरायला एक पांढरं सुती कापड शिवायला घेतलं. काठावर द्राक्षाच्या वेलीचं भरतकाम, इतकं बारीक की डोळे दुखावेत. ज्या रविवारी ते अर्पण करायचं होतं, त्या दिवशी पाळकसाहेबांनी नेमका तो भाग वाचला: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास, आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर.

मावशी उठली. घडी केलेलं कापड पुढच्या बाकावर ठेवलं आणि भर उपासनेतून बाहेर पडली. मागं कुजबुज झाली. कुणाला वाटलं, तिला चक्कर आली.

ती थेट आमच्या दारात आली. मी कडी काढायला उठले, तर आईनं मनगट धरलं.

"अगं, मी आलेय," मावशी बाहेरून म्हणाली. "चुकलं माझं. फार मोठं चुकलं."

आईनं स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला.

त्यानंतर मावशी दर रविवारी यायची. थोडा वेळ जिन्यात बसायची, "येते गं" म्हणायची आणि जायची. पाळकसाहेबांनी विचारलं, "कापड अंथरायचं ना?" ती म्हणाली, "अजून नाही. मला अर्ध्यावरूनच परत यावं लागतंय."

मग आईला कॅन्सर झाला. तो मणक्यात उतरला आणि कूस बदलणंही तिच्या हातात राहिलं नाही. नोकरी सांभाळून मी एकटी पुरी पडेना. एके दिवशी धीर करून विचारलं, "मावशीला बोलावू?" आईनं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचा अर्थ मी 'हो' असा घेतला. तो तसाच होता का, हे मला आजही माहीत नाही.

मावशी आली ती पदर खोचूनच. पहिल्याच दिवशी तिनं आईची पाठ पाहिली. पाठीला जखमा होत होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं चर्चमधून ते कापड परत आणलं. खिडकीशी बसून भरतकामाचा एकेक टाका उसवला. मी म्हटलं, "मावशी, अगं, इतकी मेहनत..."

"दोरे टोचतील तिला," ती म्हणाली.

कापड धुऊन धुऊन तिनं मऊ केलं आणि आईच्या पाठीखाली अंथरलं. आई तिच्याशी कामापुरतं बोलायची. "पाणी." "उशी." त्या दिवशी तिनं कापडावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुठलं गं हे? मऊ आहे."

"होतं पडून," मावशी म्हणाली.

त्याहून जास्त त्या दोघींत काही बोलणं झालं नाही. मावशी मागायची माफी, रोज, केस विंचरताना, हळूच. आई डोळे मिटून घ्यायची. एका सकाळी, मी चहा गाळत असताना, आई गेली.

दफनानंतर चर्चच्या मंडळीतल्या बायका मावशीभोवती जमल्या. एक म्हणाली, "मनातून तिनं केव्हाच माफ केलं असेल हो."

"नाही केलं," मावशी म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालू नका. जायचं मला वचनात सांगितलं होतं, मी गेले. दार उघडायचं की नाही, ते तिचं होतं."

मला आईचा राग आला, आणि आला म्हणून रडूही आलं.

मी मावशीला म्हटलं, आता माझ्याकडेच राहा. तिनं मान हलवली. "तुझ्या आईनं मला त्या घरात ये म्हटलेलं नाही."

आता मीच तिच्या खोलीवर जाते. ती निवृत्त झाली आहे, पण दवाखान्यातले झगे घरी आणून दुरुस्त करते. एकदा मी विचारलं, "तुला कधी वाटत नाही, सगळं फुकट गेलं?"

तिनं मशीन थांबवलं.

"वाटतं की," ती म्हणाली. "दिवसातून कितीदा तरी वाटतं." मग सुईखाली कापड सरकवून तिनं पुन्हा पाय हलवायला सुरुवात केली.