आत्या, म्हणजे अक्काची सासू

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा हुबळीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, रक्ताच्या नात्यात कुणाला होता का. आम्ही दोघींनी एकदमच नाही म्हटलं. जनुकांची तपासणी करता येईल, असं त्या म्हणाल्या. नात्यात कुणी नाही तर कशाला, म्हणून आम्हीच ती टाळली. ऑपरेशन झालं, केमो झाली. दीड वर्षात आजार परतला.

या वेळी भावजी बरोबर होते. बाईंनी तोच प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "माझ्या आईला होता. पण ती हिची सासू."

बाई इकडच्याच. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "लग्नाआधी सासू कोण लागत होती?"

"आत्या."

"सख्खी?"

"सख्खी. हिच्या वडिलांची बहीण."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

आमच्याकडे मामाची मुलगी करतात. अक्का आत्याच्याच घरी दिली, आणि त्या दिवसापासून आत्या आमच्या लेखी सासरची झाली. केलगेरीला, अक्काच्या सासरी, आत्याचं पोट पाण्यानं फुगलं, अक्कानंच तिचं सगळं केलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, आनुवंशिकता दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावते. तरी मला सुचलं नाही.

तपासणीत जनुकातला दोष सापडला. बाईंनी समजावलं, अंडाशयाचे सगळे कॅन्सर एकसारखे नसतात. या प्रकारातल्या पेशींना स्वतःची दुरुस्ती नीट जमत नाही, म्हणून उरलीसुरली दुरुस्तीही बंद पाडणारं औषध त्यांना जास्त लागू पडतं. त्या औषधाच्या गोळ्या आहेत. पहिल्या केमोनंतर लगेच सुरू झाल्या असत्या तर फायदा जास्त होता. आताही आजारानं केमोला दाद दिली तर देता येतील, पण किती उपयोग होईल ते सांगता येत नाही.

अक्का म्हणाली, "माझं राहू दे. पोरीला दोन्हीकडून येऊ शकतं ना?"

येऊ शकतं, असं बाई म्हणाल्या.

भावजी, मी आणि भाची, तिघांनी रक्त दिलं. माझ्यात दोष नव्हता. भावजींच्यात निघाला, भाचीच्यातही. ती सव्वीस वर्षांची आहे. आता तिला नियमित तपासण्या, आणि मुलं झाल्यावर अंडाशय काढायचे की नाही हा विचार.

भावजींच्या बहिणीच्या मुलासाठी भाचीला मागणी येणार, हे घरात सगळे धरून होते. अक्कानं भावजींच्या हातात फोन दिला.

"तुमच्या बहिणीला सांगा, पोर नात्यात द्यायची नाही. आणि तूही रक्त तपासून घे म्हणावं, आई तुझीही होती."