ओमेशच्या दंडाचा घेर

रोज पहाटे तोंड धुण्याआधी ओमेश अंजूच्या शिलाई मशीनवरची टेप उचलायचा, आरशासमोर उभा राहून श्वास कोंडायचा आणि ती उजव्या दंडाभोवती गुंडाळायचा. आकडा कालचाच निघाला तर टेप जरा सैल सोडून पुन्हा बघायचा. स्वतःला फसवण्यासाठी इतक्या भल्या पहाटे उठणारा माणूस अंजूने दुसरा पाहिला नव्हता.

सडक अर्जुनीत हमरस्त्याला लागून त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाआधी तो अंगाने बारीक होता. उघड्या मोबाइलवर वाकून केसासारखी तार जागच्या जागी टेकवायचा, तेव्हा त्याची लांब बोटं जराही हलत नसत. अंजूने होकार दिला होता तो त्या बोटांना.

मग कुणाच्या तरी हळदीत, उघड्या अंगाने बसलेल्या ओमेशला एक पाहुणा ‘काडीपैलवान’ म्हणाला. सगळे हसले आणि विसरले. ओमेश विसरला नाही. त्याच सुमारास मोबाइलवरच्या जाहिरातीत तेल चोपडलेला एक माणूस ओरडून सांगू लागला, की पुरुषाचं पुरुषपण गळत चाललंय आणि ते डब्यातून परत मिळतं. बनावट चार्जर नुसता हातात घेऊन ओळखणारा ओमेश त्या डब्यावरच्या सिंहाला एक प्रश्नही विचारता झाला नाही.

“का हाय जी हे?” अंजूने विचारलं होतं.

“जडीबुटी हाय. तुले नाई समजत.”

पहिल्या डब्याने काहीच झालं नाही, म्हणून त्याने त्याहून महागडा मागवला. त्याने मात्र झालं. दंड फुगले, पाठ पुळ्यांनी भरली, आणि भाजीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात जाऊ लागलं. ताट उचलताना अंजूच्या मनात यायचं, सिंह म्हणतात तो हाच असावा. भाताची शितं मात्र सिंह वेचत नाही.

पाळणा हलेना. सासू सावित्रीबाईने दिलेला प्रत्येक काढा अंजू प्याली. गोंदियाला जाऊन तिने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. तिच्यात दोष नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता पतिदेवांना घेऊन या.” निरोप ऐकून ओमेशने बाही वर केली. “हे पाह्य. याले तपासनी पायजे?”

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. मंडईला पाहुणे येतात, रात्री दंडारीचा खेळ बघतात आणि बोलता बोलता सोयरिकीही जुळवतात. केशोरीहून आलेल्या गीताबाई या चुलत सासूला सावित्रीबाईने ओसरीतच विचारलं, “तुमच्या गावात एखांदी पोरगी हाय का वं? गरिबाची असली तरी चालते.”

अंजू भज्यांची ताटली घेऊन तिथेच उभी होती. “कोनासाठी जी, आई?”

“तुले का सांगाव आता? घरात पाळना सुना हाय.”

ओमेश खुर्चीत बसून अंड्यांचं पांढरं तेवढं खात होता. त्याने पुढचं अंडं सोलायला घेतलं.

“आना ना पोरगी,” अंजू म्हणाली. “पन तिच्या बापाले पयले यांची तपासनी दाखवा. माही तं होऊन गेली.”

गीताबाई खळखळून हसली. “बराबर बोलून राहिली सून. बैल घ्याचा असला तरी आपन दोनदा पाह्यतो, सावित्री!”

इतक्या बायकांसमोर ओमेशला ताठ व्हावंच लागलं. “चाल, उद्याच चाल. मी का भेतो?”

अहवालात शुक्राणू औषधालाही नव्हते. काय घेता, असं विचारताच ओमेशने पिशवीतून डबा काढून अभिमानाने टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो फिरवून पाहिला.

“यात नुसता झाडपाला असता तर तुमचे पैसे गेले असते, बस. पण अंग एवढं बदललंय, म्हणजे न लिहिता हार्मोन मिसळलं असणार. ते बाहेरून मिळायला लागलं की शरीर आपलं काम थांबवतं. मग बीजही तयार होत नाही.”

“परत होईल जी?” अंजूने विचारलं.

“बहुतेकांचं होतं. हे थांबवायचं, मी सांगेन तसं, आणि धीर धरायचा.”

अंजूच्या छातीवरून काहीतरी उतरलं. तेवढ्यात ओमेश पुढे झुकला. “मॅडम, बंद केलं तं दंड उतरतील का?”

डॉक्टरीणबाईंनी अंजूकडे पाहिलं.

काही दिवस डबा बंद राहिला. ओमेश आरशासमोरून हलेना, जेवेना, दंड चाचपत पडून राही. मग एका दुपारी नाव नसलेलं तपकिरी खोकं पुन्हा दारात आलं.

“त्या बाईचं चुकलं असंन,” आतला डबा काढत तो म्हणाला. “यावर लिहून हाय, शंभर टक्के सुरक्षित.”

अंजूने सासूला सगळं सांगितलं. सावित्रीबाईने उठून आधी दार लोटलं. मग म्हणाली, “हे बाहेर नोको बोलू वं. पोराची इज्जत जाते.” आणि संध्याकाळी केशोरीला फोन लावून तिने त्या पोरीचं पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी अंजूने पिशवी भरली. माहेरी जाणारी देवरीची बस यायला अवकाश होता. अंगणात ओमेश वजनं उचलत होता. त्याच्या कपाळावरची शीर तटतटली होती. ती त्याच्यासमोर जरा थांबली. एखादं ‘नको जाऊ’ त्या एवढ्या मोठ्या अंगातून निघतं का, तेवढंच तिला पाहायचं होतं.

त्याने वजन खाली ठेवलं, दम घेतला आणि म्हणाला, “जाता जाता फाटक लावजो. बकऱ्या घुसून राहिल्या.”