पडद्याच्या मागं बसून ऐकलेला बोलपट

"आईला कशाला न्यायचं? तिला काय ऐकू येणार?" आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, एवढं म्हणाले आणि माझं डोकंच सटकलं.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली. मी ईट गावी लग्न होऊन आले त्याला आठ महिने झाले होते. आता नव्वदी ओलांडलीय, मी सांगते आणि नात टाइप करते. धाराशिवला उरुसात तंबूतला बोलपट आलाय, असं मालकांनी बाजारात ऐकलं होतं. त्यांना जायचं होतंच. मला मात्र सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, सोबत न्यायचं होतं.

आत्याबाईंचे कान तापात गेले, माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी. सुरुवातीला घरच्यांनी ओरडून पाहिलं, मग कंटाळून हातवारे सुरू केले आणि शेवटी तेही कमी झाले. मी जन्माची बडबडी. माहेरी मला 'रेडू' म्हणायचे, रेडकासारखा घसा मोठा. आणि ज्या बाईसोबत दिवसभर चुलीपाशी बसायचं, तिनं माझा एक शब्द ऐकलेला नाही! आमचे हात चालायचे, तोंडं बंद. आत्याबाई शेजारणीला म्हणायच्या, "सून गुणाची हाय, पण मला मुकीच मिळाली." त्या हसून म्हणायच्या, आणि मला मात्र रडू यायचं.

तर मी मालकांना बजावलं, आत्याबाई येत नसतील तर मीही येत नाही. झालं, बैलगाडी जुंपली.

ईट ते भूम गाडीनं सकाळ गेली. भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा सोबत होता. (आज तुम्ही एसटीनं जाल तर भूमला पेढे घ्या, खवा एक नंबर असतो.) भूमहून मोटार. पेट्रोलची टंचाई, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवलेली, तिच्या धुरावर ती चालायची. येरमाळ्यापर्यंत बरी चालली. येडशीचा चढ आला तशी धापा टाकायला लागली, आणि आम्ही सगळे खाली उतरून मागनं चालत निघालो. भाडं देऊन वर पायी! आत्याबाई मात्र खूश होत्या. डोंगराकडं बघत म्हणाल्या, "लई वर्सांनी घर सोडलं बाई."

ह्या चढापायी उशीर झाला. तंबूशी पोचलो तर दिवे लागलेले आणि पहिला खेळ सुरू व्हायच्या बेतात. मालक पुरुषांच्या दारानं आत गेले. आम्हाला एका खालानं, म्हणजे तिकीट बघणाऱ्या मुसलमान बाईनं, वळसा घालून मागं नेलं.

"इकडं कुठं?" मी विचारलं.

"जनाना पडद्याच्या मागं हाय," खाला म्हणाली. "पडदा भिजवल्याला हाय, चित्र इकडून बी दिसतंय. जागा मात्र एकच उरलीय, भोंग्यापाशी. तिथं कुणी बसंना, लेकरं दचकत्यात."

खरंच, पडद्याला टेकून एक भलाथोरला कर्णा उभा केलेला होता आणि त्याच्या तोंडाशी रिकामी जागा. पुरुषांचा सिनेमा पुढून आणि आमचा पाठीमागून! मी मनात चरफडले, पण बसले.

खेळ सुरू झाला आणि आमच्यात गलका उठला. नायक जेवायला बसला तो डाव्या हातानं! त्याची आईही डाव्याच हातानं वाढतेय. "अगं बया, समदं घरच डावरं हाय की!" एक बाई ओरडली. "अशा घरात पोरगी कोण देईल?" आम्ही उलट्या बाजूनं बघतोय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नायकाचा तीळ कुठल्या गालावर होता, यावरून मालकांशी माझं पुढं आठ दिवस वाजत होतं.

चित्रात एक बाळ पाळण्यात होतं. त्यानं भोकाड पसरलं आणि आत्याबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"कोण रडायलंय गं?"

मी त्यांचा चेहरा पडद्यावरच्या पाळण्याकडं वळवला.

"लेकरू रडायलंय! मला ऐकू यायलंय!" त्यांनी उठून कान कर्ण्याशी नेला. बायका ओरडल्या, "बसा की खाली!" पण कोण ऐकतंय? त्या पडद्याकडं पाठ करून बसल्या, आणि अख्खा सिनेमा त्यांनी तसाच, चित्र न बघता पाहिला.

आणि काय सांगू, माझ्याहून चांगला पाहिला. नायिका विहिरीवर हसत पाणी शेंदत होती. मला सगळं छान दिसत होतं. आत्याबाई कुजबुजल्या, "आता कायतरी वंगाळ हुनार बघ." सारंगीचा सूर खाली उतरला होता म्हणे. आणि खरंच, पुढच्या क्षणी रहाटाचा दोर तुटला. पावलं वाजली की त्या सांगायच्या, "हा दमून आलाय." मी नुसती तोंडं बघत होते, त्या माणसं ओळखत होत्या. त्या दिवसापासून सिनेमाला गेले की मी मधेच डोळे मिटून घेते. तुम्हीही करून बघा.

चित्रातली आई मरायला टेकली, आम्ही सगळ्या पदराला डोळे पुसतोय, आणि आवाज गेला. यंत्रात काही बिघडलं असावं. चित्र चालूच. आई नुसती तोंड उघडतेय, मिटतेय. आत्तापर्यंत रडणाऱ्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या, मीसुद्धा! मग माझं लक्ष आत्याबाईंकडं गेलं. त्या दोन्ही हातांनी कान चोळत होत्या.

"गेलं गं," त्या म्हणाल्या. "परत गेलं."

मी हातवारे केले, सगळ्यांनाच ऐकू येत नाही म्हणून सांगायला बघितलं, पण अंधारात त्यांना काय दिसणार? मग त्यांचा हात ओढून मी कर्ण्यावर ठेवला. तो गप्प होता. थोड्या वेळानं तो थरथरला, आवाज आला, आणि आत्याबाई कर्ण्याला मिठी मारून रडल्या. त्यांना पाहून खालापण रडली.

दुसऱ्या दिवशी परतताना मोटारीत त्यांचे कान पुन्हा बंद. मी मात्र वाटभर त्या कर्ण्याचाच विचार करत होते. एका बाजूला तोंड मोठं, दुसऱ्या बाजूला बारीक.

घरी पोचले ती थेट रॉकेलच्या डब्याकडं गेले. पत्र्याचं नरसाळं राखेनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं, बारीक टोकाला चिंधी गुंडाळली. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. ते टोक त्यांच्या कानाला लावलं आणि रुंद तोंडातून, माहेरचा सगळा घसा काढून बोलले, "आत्याबाई, म्या बोलायलेय. तुमची सून."

त्यांच्या हातातली शेंग पडली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"असा घोगरा हाय व्हय गं तुझा आवाज?" त्या म्हणाल्या. "आठ म्हैनं तुझं तोंड हललं की म्या मनात बारीक, गोड आवाज लावत हुते. माझ्या लेकीसारका."

त्यांची लेक त्याच तापात गेली होती.

मी नरसाळं खाली घ्यायला लागले. त्यांनी माझा हात धरला आणि ते परत कानाशी नेलं.

"हाच ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "बोल."

मग मी जी बोलायला लागले ती त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

परवा नातवानं मला थेटरात नेलं. चारी बाजूंनी आवाज, खुर्ची हादरते. कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? आता माझ्याच कानात यंत्र असतं. गेल्या महिन्यात नातसून घरात आली. पहिल्या दिवशी पाया पडून ती काहीतरी पुटपुटली. मी तिला थांबवलं, यंत्र काढून पुसलं, नीट बसवलं आणि म्हटलं, "हां, आता बोल."