आमच्या बालवाडीत क्वालिटी आली

बालवाडीत वीस-बावीस वर्षं काढली की बाईच्या घरी दोन गोष्टी साठतात: जोडी नसलेले मोजे आणि किस्से. मोजे निदान पालक मागायला तरी येतात. किस्से कोणी नेत नाही, म्हणून मग चहाला आलेल्या तुमच्यासारख्यांच्या गळ्यात पडतात.

आमची बालवाडी रायपूरच्या बूढापाऱ्यात. दोन खोल्या, मागे ओसरी, पेरूचं एक झाड आणि चाळीस पोट्टे. रायपूर राजधानी झालं आणि शहरातल्या प्रत्येक गोष्टीला क्वालिटीची हौस आली. रस्ते खोदले गेले, चौक रंगले. आमचे सेक्रेटरी अण्णा, म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले गृहस्थ, एका सकाळी आले आणि म्हणाले, "बाई, आता आपल्याले बी सुधारा लागते!"

मी विचारलं, "काय सुधारायचं?"

"ते मागून पाहू. आधी बोर्ड बदलू."

*

तोवर आमचं नाव 'बालक मंदिर' होतं. अण्णा म्हणाले, "राजधानीत राहून मंदिर? लोक म्हणतील, इथं भजन होऊन राहिलं!" सदर बाजारातून पेंटर आणला. त्यानं हौसेनं चारी बाजूंनी फुलं काढली, खाली दोन कुंड्या काढल्या, आणि मग जागा उरली तेवढ्यात एकच शब्द मावला. भला मोठा: 'नर्सरी'.

तेव्हा भोपाळहून नवे साहेब येत होते. नवे बंगले, नवे लॉन. बोर्ड लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात जीप थांबली. एक माणूस उतरला, आत डोकावला आणि विचारलं, "गुलाब की कलम मिलेगी क्या?"

आमची आया बिसाहीन दारात झाडत होती. गावाकडची बाई, छत्तीसगढीशिवाय बोलायची नाही. तिनं झाडू थांबवला नाही. म्हणाली, "गुलाब तो नइ हे बाबू, लइका हें. एक ठन ले जाबे का?" म्हणजे, गुलाब नाहीत, पोरं आहेत, एखादं नेतोस का?

आत चाळीस पोरं एकदम रडत होती. माणूस जीपमध्ये बसून गेला. अ‍ॅडमिशनला एवढ्या तत्परतेनं नकार देणारा तो पहिलाच!

*

मग अण्णांनी टाइमटेबल केलं. जन्मभर गाड्या सोडलेला माणूस. नऊ पाच प्रार्थना, नऊ वीस रंग, दहा चाळीस शू. स्वतः हातात घड्याळ घेऊन दारात उभे.

तीन वर्षांचा सारंग दहा पंचवीसला उठला आणि दाराशी आला.

अण्णा म्हणाले, "काहून उठला? अजून पंधरा मिनिटं आहेत."

सारंग एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. अण्णांनी घड्याळ दाखवलं. "हे पाय, मोठा काटा इथं आला की जायचं. शिस्त म्हणतात त्याले."

सारंगनं घड्याळाकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. मग शांतपणे म्हणाला,

"अण्णा, सुटली."

*

मला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथं कळलं की आपण आजवर मुलांना वाया घालवलं. का? तर आपण 'नको' म्हणतो, 'नाही' म्हणतो. मुलाशी नकारात्मक बोलायचं नाही. 'पळू नको' म्हणायचं नाही, 'आपण चालू या' म्हणायचं. मी वहीभर लिहून आणलं.

सोमवारी ओंकारनं सारंगच्या खांद्याला दात लावले. साधासुधा चावा नाही, मुक्काम केला होता. सारंग टाहो फोडतोय. माझ्या तोंडाशी 'चावू नको रे मेल्या' आलं होतं, पण शिबिर आठवलं. गुडघ्यावर बसले, ओंकारच्या डोळ्यांत पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "ओंकार, दात कशासाठी असतात? दात जेवणासाठी असतात."

ओंकारनं खांदा न सोडता उत्तर दिलं,

"जेवूनच राहिलो, दीदी!"

शेवटी बिसाहीननं येऊन त्याचं नाक दाबलं. तोंड उघडलं, खांदा सुटला. या पद्धतीवर शिबिरात सत्र नव्हतं.

*

क्वालिटीचं पुढचं पाऊल म्हणजे खेळणी. लाकडी ठोकळे, मणी, रंगीत कोडी, सगळं शास्त्रशुद्ध. ती आली त्या दिवशी पोरं नाचली. अण्णांनी ती काचेच्या कपाटात ओळीनं मांडली आणि कुलूप घातलं.

मी म्हटलं, "अण्णा, मुलांना खेळायला..."

"खेळले तर तुटतील ना! मग इन्स्पेक्शनले काय दाखवता?"

सात महिने खेळणी नवीकोरी राहिली. शेवटी एक पाहुणे आले, कपाट पाहून खूश झाले. एका चुणचुणीत पोट्टीला जवळ घेऊन विचारलं, "बेटा, आप इनसे कौन सा खेल खेलते हो?"

"ताला-ताला," ती म्हणाली.

"वो कैसे खेलते हैं?"

पोट्टीनं तिघांना कपाटासमोर ओळीत उभं केलं, त्यांचे हात त्यांच्या पाठीमागं बांधले, आणि अण्णांच्या आवाजात ओरडली, "हात नाही लावायचा!"

पाहुण्यांनी 'भूमिका-नाट्य: उत्तम' असा शेरा दिला.

*

इंग्रजी तर आलीच. पण आमच्याकडं घरात आजी मराठी बोलते, बाप हिंदीत उत्तर देतो, आणि पोट्टं मधल्या मध्ये टीव्हीचं बोलतं. त्यावर मी रोज 'सिट डाउन, स्टँड अप' घोटत होते.

एक दिवस एक आजी तणतणत आल्या. "बाई, आम्ही नात इंग्रजी शिकाले पाठवली. तिले कोण काय शिकवून राहिलं इथं?"

"का हो, काय झालं?"

"काल मी तिच्या बापाले काही सांगून राहिली होती. तर मले म्हणते, 'डोकरी, झन गोठिया!'"

म्हणजे, म्हातारे, बोलू नको! आमच्याकडं वर्षभरात मुलांनी जी एकमेव भाषा पक्की उचलली ती बिसाहीनची. आणि ती शिकवायला कोणी सांगितलं नव्हतं.

*

शेवटचा सांगते आणि उठते.

एक दिवस पत्र आलं की खात्याच्या मॅडम येणार, शिक्षण आणि देखभाल दोन्हींची तपासणी करणार, फॉर्म भरणार. त्या फॉर्मात एक रकाना होता: सेविकेची शैक्षणिक योग्यता. गावभर बातमी होती की बिनशिकलेल्या आयांना काढणार. आमच्या बिसाहीनचा तर अंगठा चालायचा.

अण्णा घाबरले. माणूस वाईट नव्हता हो. बिसाहीनला म्हणाले, "तू त्या दिवशी मागं ओसरीत बस. तांदूळ निवड. समोर येऊ नको."

बिसाहीन म्हणाली, "हव."

ती मागं बसली आणि दुलारीही तिच्या मांडीत जाऊन बसली. दुलारीचा बाप भनपुरीला ट्रकच्या बॉडीचं काम करायचा. अडीच महिने झाले होते पोरीला येऊन, पण तोंडातून एक शब्द नाही. माझ्या मराठीला नाही, हिंदीला नाही, इंग्रजीला तर नाहीच. सकाळी आई सोडून गेली की मुक्यानं रडायची. बिसाहीन तिला मांडीत घ्यायची, आणि दिवसभरात जमेल तितक्या वेळा तेच ते एक वाक्य म्हणायची.

मॅडम आल्या. कडक इस्त्री, कडक चेहरा. राज्य वेगळं झालं तेव्हा त्यांच्या वाट्याला रायपूर आलं, नवऱ्याच्या वाट्याला भोपाळ. पोरांनी तीन वेळा 'गुड मॉर्निंग' केलं. मॅडमनी टिकमार्क केले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. आत आवाज तुटत होता म्हणून त्या बोलत बोलत थेट मागच्या ओसरीत गेल्या.

अण्णांचा चेहरा पांढरा! मला म्हणाले, "जा, जा, चहा घेऊन जा!"

मी कप घेऊन दारात पोचले तर मॅडम फोनवर म्हणत होत्या, "बुखार कितना है? उसको दो फोन... बेटा, मम्मा आएगी ना... थोड़ा सा खा ले, बेटा..." फोन बंद झाला. त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते.

दुलारी मांडीतून उठली. जाऊन मॅडमचा पदर ओढला. आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"झन रो. तोर दाई आवत हे."

रडू नको, तुझी आई येतेय. अडीच महिन्यांत पोरीचे ते पहिले शब्द!

मॅडम वळल्या. बिसाहीननं तांदळातून मान वर केली, त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि पुढ्यातलं सूप बाजूला सरकवलं.

"तहूँ मोर कोरा म बइठबे का?"

तूही बसतेस का माझ्या मांडीत? मॅडम हसल्या की रडल्या, मला सांगता येणार नाही. मांडीत नाही बसल्या, पण शेजारी फरशीवर बसल्या. इस्त्रीसकट. सूप ओढलं आणि खडे वेचायला लागल्या. मी कप ठेवला आणि परत आले.

आत अण्णांनी कुजबुजत विचारलं, "मॅडम काय करून राहिल्या?"

"निरीक्षण."

अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या. तोंड धुतलेलं. टेबलाशी उभ्याउभ्याच फॉर्म भरला, सही केली, अण्णांच्या हातात प्रत दिली आणि गाडीत बसून गेल्या.

अण्णांनी चष्मा लावून सरळ तो रकाना शोधला. वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग माझ्याकडं दिला.

'सेविका की शैक्षणिक योग्यता' याच्यापुढं लिहिलं होतं: 'है.'