जग्वार, पोर्शे आणि अच्युत

दुपारचे तीन वाजलेत. जुन्या गाड्या जमवणारे मोहिते चार वाजता फोन करणार आहेत. अच्युतच्या दोन गाड्यांपैकी एक ते नेतील; दोन्ही सांभाळणं मला एकटीला जमत नाही. कुठली न्यायची, ते मी सांगायचं. जग्वार ई-टाइप आणि पोर्शे ९११, दोन्ही साठच्या दशकातल्या. उशाशी माझा तक्ता आहे: वजन, इंजिन, सुटे भाग कुठे मिळतात. मी चष्मा काढते. पंख्याची पाती वेगळी दिसतात, मग दिसत नाहीत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी उभी आहे. इथे तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. लाकडी टेबलावर दोन्ही गाड्या आहेत आणि टेबल वाकलेलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. उंच स्टुलावर बसून अच्युत, माझा नवरा, बशीत चहा ओततोय. त्याला जाऊन चौदा महिने झालेत, हेही मला माहीत आहे.

"काय मॅडम, लागला का निकाल?"

"जग्वार ठेवतेय."

"का?"

"सरळ रांगेत सहा सिलिंडर. आणि ते लांब बॉनेट. तू अख्खा रविवार त्याच्यावरून हात फिरवायचास."

"ते माझं झालं. तुझं सांग."

मी तक्त्याकडे बघते. रकाने आहेत, आकडे नाहीत.

"पोर्शेचं इंजिन मागे," मी म्हणते. "हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही. जे लागत नाही ते ठेवलेलंच नाही. मला ते बरं वाटतं."

"आवडतं म्हण. तोंड झिजणार नाही."

"तू गेलास आणि मी तुझी लाडकी देऊन टाकायची?"

"मग काय, हार घालून माझ्या फोटोशेजारी बसवणार तिला?" तो बशी संपवतो. "दसऱ्याला झेंडूचा मोठा हार तू कुठल्या गाडीला घालायचीस, ते मी बघत होतो."

मला हसू येतं. मी पोर्शेचं दार उघडून बसते. समोर स्टिअरिंग नाही. बाकी सगळ्या गाड्यांत ही उजवी जागा चालवणाऱ्याची. जर्मनीहून तशीच आलेल्या या गाडीत ती माझी. बावीस वर्षं मी इथेच बसत आले.

"सरक तिकडे," तो दारातून म्हणतो.

"तू चालव ना."

"मी आता नाही चालवत."

मी सरकते. तो माझ्या जागेवर बसतो. "किल्ली डाव्या हाताने," तो म्हणतो. मी फिरवते. आवाज पाठीमागून येतो आणि समोर पसरणी घाट आहे, ओला नाही, कोरडा नाही.

"वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नकोस. मागचं वजन बाहेर ओढेल."

"जडत्व मला शिकवतोस?"

तो हसल्याचं ऐकू येतं. तिसऱ्या वळणाला शेजारून काहीच ऐकू येत नाही. मी तिकडे बघत नाही. वळण अजून संपलेलं नाही.

पंखा. छत. डावी मूठ घट्ट मिटलेली आहे, बोटं दुखताहेत. उघडते. तळव्यावर किल्लीच्या दातांचा लालसर ठसा आहे. पाच दात. गाड्यांच्या किल्ल्या तर नदीपलीकडच्या शेडमध्ये खुंटीला आहेत. मी ठशाला चष्म्याची काडी लावून बघते, चादरीची शिवण लावून बघते. जुळत नाही.

फोन वाजतो.

"ताई, मग कुठली नेऊ?"

"जग्वार."

"अहो, पण ती तर साहेबांची..."

"हो. मऊ कापडाने पुसा तिला."

ठसा फिका व्हायला लागलाय. मी मूठ पुन्हा मिटते.